लिला हित्नेस : माणसांमागून वाढत गेलेलं घर

फार्महाऊस बांधायचं म्हणून माझ्याकडे येणारी बरीच कुटुंबं हल्ली फोटो जमवूनच येतात. जमीन मुळशीला असो, कर्जतला असो की वाईजवळ, फोटो एकाच जातीचे असतात. पांढऱ्या भिंती, उतरतं छप्पर, काळ्या चौकटींच्या भल्यामोठ्या काचा, आत फिकट लाकूड आणि जवळजवळ रिकामी बैठकीची खोली. 'स्कॅन्डिनेव्हियन पाहिजे' एवढंच सांगणं असतं. त्यात वावगं काही नाही. पण ज्या घराकडे स्वीडिश गृहसजावटीचं मूळ म्हणून बोट दाखवलं जातं, ते घर पांढरं नाही, रिकामं तर मुळीच नाही, आणि त्याचा नकाशा एका बैठकीत काढलेलाही नाही. स्वीडनच्या डालार्ना प्रांतात, फालून शहराजवळच्या सुंडबोर्न गावात ओढ्यासारख्या वाहणाऱ्या नदीच्या काठी ते उभं आहे. नाव लिला हित्नेस. चित्रकार कार्ल लार्सन आणि त्याची पत्नी कारिन यांचं हे राहतं घर.

या घराची मांडणी नीट समजून घेतली तर फोटोतलं काय उचलावं आणि काय सोडावं याचा पुष्कळ उलगडा होतो. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

हाती काय होतं

कार्लचा जन्म १८५३ चा, स्टॉकहोममधला. बालपण अत्यंत गरिबीत, कोंदट भाड्याच्या खोल्यांमध्ये गेलं. कारिन बर्गऊ १८५९ ची, हाल्सबर्गच्या खात्यापित्या व्यापाऱ्याची मुलगी. स्टॉकहोमच्या कला अकादमीत शिकलेली, स्वतः चित्रकार. पॅरिसजवळच्या ग्रे-सूर-ल्वँ गावात स्कॅन्डिनेव्हियन चित्रकारांचा एक गोतावळा होता, तिथे दोघांची गाठ पडली आणि १८८३ मध्ये लग्न झालं. पुढे कार्ल गोथेनबर्गला चित्रकला शिकवू लागला. म्हणजे नोकरी शहरात, पैसा बेताचा आणि मुलं एकामागून एक.

१८८८ मध्ये कारिनच्या वडिलांनी, अडॉल्फ बर्गऊ यांनी, सुंडबोर्नमधलं हे छोटं लाकडी घर या जोडप्याला देऊन टाकलं. जमीन नदीकाठची, एकेकाळच्या धातुभट्टीच्या मळीचे ढीग पडलेली. फालूनची तांब्याची खाण जवळच, त्यामुळे अशा भट्ट्या त्या भागात गावोगाव होत्या. घर म्हणाल तर ओंडक्यांच्या भिंती, मोजक्या खोल्या आणि ठेंगणं छत. सुरुवातीला त्याचा वापर फक्त उन्हाळ्यापुरता होता.

अडचणी सांगायच्या तर तीनच, पण तिन्ही मोठ्या. पहिली, माणसं वाढत होती. १८८४ ते १९०० या काळात आठ मुलं झाली, त्यातला मॅट्स तान्हेपणीच गेला. दुसरी, घरातच कार्लचं कामाचं ठिकाण हवं होतं, आणि चित्रकाराला लागतो तो उजेड ठेंगण्या खोल्यांत मिळत नाही. तिसरी हवामानाची. फालून जवळपास साडेसाठ अंश उत्तरेला आहे. डिसेंबरच्या अखेरीस तिथे दिवस साडेपाच तासांच्या आसपास असतो. उन्हाळ्यात मात्र रात्र नावापुरती. एकाच घराला हे दोन्ही ऋतू निभवायचे होते.

ओंडक्यांच्या घराचं गणित

नकाशा असा का झाला हे कळायला बांधकाम समजून घ्यावं लागतं. ओंडक्यांच्या घरात भिंत हीच सगळी ताकद. आडवे ओंडके एकावर एक रचतात आणि कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत अडकवतात. खोली किती मोठी होणार हे ओंडक्याच्या लांबीवर ठरतं. मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक करू म्हटलं, तर ओंडक्यांची साखळीच तुटते. मोठं भगदाड पाडलं की भिंत कमजोर. शिवाय लाकूड वाळत जातं तशी भिंत वर्षानुवर्षं खाली बसत राहते, म्हणून दारं-खिडक्यांच्या डोक्यावर जागा सोडून ठेवावी लागते.

अशा घराला वाढवायचं तर आतून मोकळं करण्यापेक्षा शेजारी आणखी एक खोका जोडणं सोपं. लार्सन कुटुंबाने तेच केलं. १८९० च्या सुमारास पहिला मोठा भाग जोडला, तो कार्लच्या चित्रकामासाठी. त्यानंतर गरज पडेल तसं घर सरकत गेलं. १८९९-१९०० मध्ये शेजारीच नवीन, प्रशस्त स्टुडिओ झाला. शेवटच्या टप्प्यात तर फालूनच्या खाण-परिसरातलं एक जुनं लाकडी घरच आणून या घराला जोडलं. ओंडक्यांच्या घराची हीच खुबी आहे. खुणा करून सुटं करायचं, गाडीवर घालायचं आणि दुसरीकडे पुन्हा रचायचं. स्वीडनमध्ये हे सर्रास चाले.

बाहेरून पाहिलं की घर एकसंध दिसत नाही. छपरं वेगवेगळ्या उंचीची, खिडक्या वेगवेगळ्या मापाच्या. या सगळ्यांना बांधून ठेवतो तो लाल रंग. तो फालूनच्या खाणीतून निघालेल्या टाकाऊ मातीचा, लोहाच्या ऑक्साइडचा. राय या धान्याचं पीठ, पाणी आणि जवसाचं तेल घालून तो शिजवतात. प्लॅस्टिकसारखा पापुद्रा तो धरत नाही, त्यामुळे लाकडातली ओल बाहेर पडू शकते. खाण १९९२ मध्ये बंद झाली, २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली, आणि रंग मात्र अजूनही तयार होतो. टिकाऊ, स्वस्त आणि गावचा. बाह्यरंगाची निवड करताना एवढ्या तीन गोष्टी जुळल्या तर मला आणखी काही नको.

आतली मांडणी

आत शिरताना दारावरच एक दोन ओळींचं यमक रंगवलेलं आहे : ये बाई-बाबा, कार्ल लार्सन आणि त्याच्या बायकोकडे तुझं स्वागत, अशा अर्थाचं. चित्रकाराने दारावर बायकोला सोबत घेऊन पाहुण्याला आत बोलावणं हे त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

तळमजल्याचा जीव आहे जेवणाची खोली आणि तिला लागून असलेली बैठकीची खोली. या दोन खोल्यांकडे जरा थांबून पाहू.

जेवणाच्या खोलीत भिंतींना लाकडी फळ्या आणि त्यांवर ठसठशीत हिरवा आणि लाल. दोन्ही रंग कुठेही फिके केलेले नाहीत. भिंतीला धरून बाक आहे, आणि बाकाच्या वर कारिनने १९०३ मध्ये विणलेला भिंतपट टांगलेला. विषय चार महाभूतं : पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू. आकार जवळजवळ अमूर्त. त्या काळातल्या स्वीडनमध्ये असं विणकाम घरात लावणं विरळाच. आता हिवाळ्यातली त्या खोलीतली संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. दुपारी तीनच्या सुमाराला बाहेर अंधार, दिव्याचा पिवळा उजेड, आणि त्या उजेडात लाल-हिरव्या भिंती. पांढऱ्या भिंतीवर हाच दिवा लावला असता तर खोली करडी वाटली असती. जिथे मंडळी अंधारातच जास्त वेळ एकत्र बसणार, तिथे गडद उबदार रंग आणि जिथे दिवसाचा उजेड पकडायचा तिथे फिका रंग, असा हा हिशेब मला दिसतो.

कारण शेजारच्या बैठकीच्या खोलीत नेमकं उलट आहे. तिथली लाकडी खुर्च्या-कोचांची मंडळी अठराव्या शतकाच्या अखेरच्या, राजा तिसऱ्या गुस्ताव्हच्या काळातल्या घडणीची. ती पांढरी रंगवली आणि त्यांवर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची धुता येण्याजोगी खोळ घातली. खिडकीवर जाड पडदे नाहीत, फक्त वरच्या कडेला आखूड झालर. खिडकीच्या कट्ट्यावर कुंड्यांची रांग. १८९४ च्या एका जलरंगात थोरली मुलगी सुझान याच खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालताना दिसते. युरोपभरच्या सुखवस्तू घरांत त्याच वेळी मखमली पडदे, गडद लाकूड आणि गोंडे यांची चलती होती. कारिनने ते सगळं उतरवलं आणि उजेड आत घेतला.

जमिनीवर लांबलचक पट्टे अंथरलेले. जुने कपडे फाडून, त्यांच्या चिंध्या आडव्या धाग्यात घालून विणलेल्या या सतरंज्या स्वीडनच्या खेड्यापाड्यांत घरोघर असत. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत, त्याच काटकसरीचा हा दुसरा अवतार. दुकानात आज याच्या नकला महाग मिळतात.

या दोन खोल्यांच्या शेजारधर्माचा एक पुरावा कार्लच्याच चित्रात आहे. मुलगा पाँटस जेवताना दंगा करत होता, म्हणून त्याला ताटावरून उठवून बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात बसायला पाठवलं. थोड्या वेळाने कार्ल तिथे गेला तर हा रुसलेला मुलगा आणि त्याच्याभोवतीची खोली, हेच त्याला चित्र वाटलं. १८९४ चा तो उन्हाळा पावसाळी होता, बाहेर चित्र काढायला जाता येईना. घरातलंच चित्र काढ, ही कल्पना कारिनची. तिथून जलरंगांची मालिकाच सुरू झाली आणि १८९९ मध्ये ती 'एत हेम', म्हणजे 'एक घर', या पुस्तकाच्या रूपाने आली. या पुस्तकामुळे घर स्वीडनभर आणि पुढे जर्मनीत पोचलं. नकाशाच्या अंगाने पाहिलं तर या प्रसंगात महत्त्वाचं काय? मुलाला शिक्षा म्हणून वेगळं बसवलं तरी तो ऐकू येईल, दिसेल इतक्या अंतरावर आहे. दूरच्या खोलीत, जिन्यापलीकडे, दाराआड नाही.

खोल्या गरम ठेवायला स्वीडनमध्ये टाइलची उभी शेगडी वापरत. तिचं आजचं रूप १७६७ चं. देशातलं लाकूड संपत चाललं होतं, म्हणून सरकारने कार्ल योहान क्रॉन्स्टेट आणि फाबियन व्रेडे या दोघांना कमी लाकडात जास्त ऊब देणारी शेगडी करायला सांगितली. त्यांनी धूर सरळ वर न सोडता उभ्या नळ्यांमधून वर-खाली खेळवला. धुराची उष्णता विटा आणि टाइल शोषून घेतात आणि तासन् तास सावकाश सोडत राहतात. सकाळी एकदा पेटवली की बराच काळ पुरते. म्हणूनच अशी शेगडी कोपऱ्यात एकाकी न ठेवता तिच्याभोवती बसण्याची जागा आखतात. घराची बैठक शेगडीपासून सुरू होते, टीव्हीच्या भिंतीपासून नाही.

स्वयंपाकघराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ते कामाचं आहे, साधं आहे, आणि मोठ्या मुली तिथे हाताखाली राबत, हे चित्रांतून दिसतं.

माडीवर निजायच्या खोल्या. कार्लची खोली वेगळी, कारिन आणि लहान मुलींची वेगळी. कार्लचा पलंग भिंतीला न लावता खोलीच्या मध्यभागी, भोवती पडदे. दोन्ही खोल्यांच्या मधल्या वाटेला दार नाही. तिथे कारिनने स्वतः केलेला पडदा आहे, जाळीदार कामाचा, त्याचं नाव 'प्रेमाचं गुलाब'. तान्ह्या मुलासाठी रात्री उठणारी आई आणि दिवसभर चित्र काढून झोपलेला बाप यांच्यात भिंत तर हवी, पण दार नको. पडद्याने हे बरोबर जमतं. या घरातली मला सर्वांत आवडलेली जागा हीच.

आणि आता तो पहिला जोडलेला भाग. नवा स्टुडिओ झाल्यावर कार्ल तिकडे गेला, तेव्हा जुनी चित्रकामाची खोली रिकामी झाली. आपल्याकडे अशा वेळी बहुतेक घरांत पाहुण्यांची खोली होते आणि वर्षातले अकरा महिने बंद राहते. इथे ती कारिनची आणि मुलांची कामाची खोली झाली. तिचा माग तिथे बसला. घरातली सर्वांत उजेडाची जागा विणकामाला आणि मुलांच्या उद्योगांना मिळाली. कारिनने लग्नानंतर चित्रं काढणं जवळपास थांबवलं होतं. तिची सगळी कला पडद्यांत, चादरींत, उशांच्या अभ्र्यांत, मुलांच्या कपड्यांत आणि गावच्या सुताराकडून करवून घेतलेल्या खुर्च्या-मांडण्यांच्या आकारांत उतरली. कार्लने घर रंगवलं आणि ते जगाला दाखवलं हे खरंच. पण घरात हात घालीन तिथे लागतं ते कारिनचं काम. तिचं नाव मात्र फार उशिरा घेतलं गेलं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये १९९७ मध्ये दोघांच्या नावाने प्रदर्शन भरलं, तेव्हा कुठे ती बरोबरीने उभी राहिली. त्या प्रदर्शनाला आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीचा आधार होता.

शेताचा भाग

घर हे शेतघर म्हणून चालतं कशावर, हाही प्रश्न आहे. १८९७ मध्ये कार्लने गावातच स्पाडार्वेट नावाचं शेत घेतलं. म्हणजे शेत एकीकडे, घर दुसरीकडे. गोठा आणि धान्याची कोठारं घराच्या अंगणात नाहीत. मला ही विभागणी महत्त्वाची वाटते. आपल्याकडे फार्महाऊस म्हणून जे बांधतात, त्यात बहुतेकदा शेत हे हिरवळीच्या तुकड्याचं नाव असतं. इथे शेत खरोखर पिकत होतं, फक्त राहत्या घराने त्याच्या कामाची जागा अडवली नव्हती.

१९०१ मध्ये कुटुंब कायमचं सुंडबोर्नला राहायला आलं. उन्हाळ्याचं घर बाराही महिन्यांचं झालं.

मांडणीतल्या उणिवा

हे घर निर्दोष नाही. जोडत जोडत वाढलेल्या घरात एका खोलीतून दुसरीत जावं लागतं, स्वतंत्र बोळ कमी. एकांत मिळत नाही. लाकडी जमिनीवर सात मुलं धावणार, म्हणजे आवाज घरभर. ठेंगणं छत उबेला चांगलं, पण दाटीवाटीचं. आणि दर काही वर्षांनी घरात बांधकाम सुरू असणं ही घरच्या बाईला किती जाच देणारी गोष्ट आहे, हे ज्यांनी राहत्या घरात सुतार-गवंडी सोसले आहेत त्यांना सांगायला नको. टप्प्याटप्प्याने वाढवण्याची भलामण करणाऱ्यांनी ही किंमत लपवू नये.

तरीही मूळ अडचणींच्या मोजपट्टीवर हा नकाशा उतरतो. माणसं वाढली तशी जागा वाढली. उजेडाचं काम उजेडाच्या खोलीत गेलं, आणि ते काम बदललं तरी खोली वाया गेली नाही. अंधाराच्या महिन्यांत बसायची जागा रंगाने आणि शेगडीने धरून ठेवली.

आपल्या जमिनीवर काय उतरेल

पांढरं, रिकामं स्कॅन्डिनेव्हियन घर ही नंतरची गोष्ट. १९३० च्या स्टॉकहोम प्रदर्शनाने स्वीडनमध्ये आधुनिक, सपाट, निरलंकार घराला जोर दिला, आणि महायुद्धानंतर ते जगभर गेलं. लिला हित्नेसमधून त्या घराने घेतलं ते उजेडाचं प्रेम, हलकं फर्निचर, धुता येणारं कापड. रंग आणि गर्दी मागे राहिली.

मुळशीत किंवा कर्जतला काच मोठी करताना आधी दिशा पाहा. स्वीडनसारख्या उत्तरेकडच्या देशात तुटवडा उन्हाचा, आपल्याला तुटवडा सावलीचा. पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच लावली, तर एप्रिलमध्ये दुपारी चारनंतर त्या खोलीत कोणी बसत नाही, आणि मग पडदे लावून एसी चालवावा लागतो. तसंच छपराचं. फोटोतल्या घरांना पागोळी, म्हणजे भिंतीबाहेर आलेली छपराची कड, नसते; भिंत आणि छप्पर एका रेषेत मिळतात. सह्याद्रीच्या माथ्याजवळचा पाऊस वाऱ्यासोबत आडवा येतो. तिथे दोन-अडीच फुटांची पागोळी आणि पडवी नसेल तर पहिल्याच पावसाळ्यात उभ्या फळ्यांच्या खालच्या टोकांना बुरशी धरते. लाकडी फळ्यांचा सोस असेल तर त्या आत लावा, जेवणाच्या खोलीत लावा, आणि बिनधास्त रंगवा.

उतरवण्यासारखं जे आहे ते नकाशात आहे. पहिल्या टप्प्यात थोडकंच बांधा, पण पाया, ड्रेनेजची लाइन आणि पाण्याची टाकी पुढच्या टप्प्याचा विचार करून टाका, कारण आपल्या विटा-सिमेंटच्या घराला ओंडक्यांसारखा खोका सहज जोडता येत नाही. पुढे जिथे खोली जोडायची त्या भिंतीत आजच लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, टाकून ठेवा, खालची जागा विटांनी बंद करा. जिना असा ठेवा की माडीवर वाढ झाली तरी तो हलवावा लागणार नाही. घरातली सर्वांत उजेडाची खोली पाहुण्यांना देऊ नका. ती ज्याचं हातांचं काम रोज चालतं त्याला द्या, मग ते शिवणकाम असो, अभ्यास असो की बी-बियाण्यांची निवड. ज्या खोलीत सगळे एकत्र येणार तिथल्या रंगाचा निर्णय रात्रीच्या दिव्यात, नमुन्याचा पॅच मारून घ्या, दुपारच्या उन्हात नको.

कार्ल १९१९ मध्ये गेला, कारिन १९२८ मध्ये. घर मुलाबाळांनी विकून वाटून घेतलं नाही. वंशजांनी कुटुंबाची संस्था केली आणि घर जसंच्या तसं राखलं. आज ते मार्गदर्शकासोबत, छोट्या गटांत पाहता येतं. स्टॉकहोमहून रेल्वेने फालूनला जायचं, तिथून सुंडबोर्न रस्त्याने दहा-पंधरा किलोमीटर. कामाच्या निमित्ताने स्वीडनला जाणाऱ्या वास्तुविशारदांनी आणि तिथे नोकरीला असलेल्या आपल्या मंडळींनी हिवाळ्यात, दिवस कलल्यानंतरची वेळ मिळाली तर आधी तीच घ्यावी. उन्हाळ्यातल्या चित्रांवरून जेवणाच्या खोलीतल्या लाल-हिरव्याचं कारण कळत नाही.